किल्लीचं बाळ

मला साडी शोभते. ही बढाई नाही, डहाणूतल्या जुन्या माणसांना विचारा. मिसरूड फुटायच्या वयात गणपतीच्या मांडवात पहिल्यांदा नेसलो, तेव्हा एका चिकूवाल्या बागायतदारानं माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "ही मुलगी कुणाची? स्थळ बघताय का?" वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र त्या कौतुकावर पुढची तीस वर्षं काढली. सून झालो, सासू झालो, विधवा झालो, एकदा तर पाण्यात जीव दिला आणि त्याच अंकात भूत होऊन परत आलो. आता डोक्यावरचं गेलं, पोटावर आलं, तरी पदर खांद्यावर टाकला की मान आपोआप कलते. बायको म्हणते, "अहो, माझ्यावर साडी इतकी कधी बसली नाही." ती हे कौतुकानं म्हणते की रागानं, ते मी अजून विचारलेलं नाही.

पोटासाठी मी तलासरीच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. आमच्याकडे फुगे बनतात. वाढदिवसांचे, लग्नांचे, दुकानांच्या उद्घाटनांचे. देशातला बराचसा आनंद आमच्या गेटमधून खोक्यात भरून बाहेर पडतो आणि आत सगळा अमोनियाचा वास असतो. रबराचा चीक गोठू नये म्हणून अमोनिया घालावा लागतो. मशीनवर पुरुष आणि पॅकिंगला बायका, अशी वाटणी. बायका सायवन, उधव्याकडच्या पाड्यांवरून कंपनीच्या बसनं येतात, पाळीभर उभ्यानं फुगे निवडतात, आणि फुगे चिकटू नयेत म्हणून लावलेली पावडर अंगभर घेऊन पांढऱ्या होऊन घरी जातात.

पुरुषांच्या संडासाला आमच्याकडे कधी कुलूप नव्हतं. बायकांच्या होतं. हायवेवरचे ट्रकवाले आत घुसतात, असं कारण सांगत. ट्रकवाल्यांना पुरुषांचा संडास उघडा असताना बायकांच्याच संडासात काय नडलं होतं, हे कुणी विचारलं नाही. किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर असे. हरवू नये म्हणून ती तारेनं एका जुन्या लाकडी साच्याला बांधली होती. लांब फुग्याचा साचा होता तो, हातभर, पुढून गोल. बाईला जायचं असलं की तिनं लाइन सोडून टेबलापुढे उभं राहायचं, विचारायचं, मग तो साचा हातात घेऊन मशीनवरच्या सगळ्या पुरुषांसमोरून शेडच्या त्या टोकाला जायचं आणि तसंच परत यायचं. पुरुष काय बोलत ते मी लिहीत नाही. वाचणाऱ्याला साचा दिसला असेल, तर बोलणंही ऐकू आलं असेल.

बायकांनी त्यावर आपला उपाय काढला होता. त्या साच्याला 'बाळ' म्हणत. पदरात गुंडाळून कडेवर घेत आणि शेजारणीला सांगत, "बाळाला जरा फिरवून आणते." हसत सांगत. दुसरा उपाय असा, की त्या पाणीच पीत नसत.

सुपरवायझर आमच्याच डहाणूचा. वाईट माणूस नव्हे. आजारी माणसाला स्वतःच्या मोटरसायकलवरून दवाखान्यात नेणारा. पण टेबलापुढे बाई उभी राहिली की त्याच्या तोंडून एक वाक्य सुटायचंच: "परत? घरचा नळ बंद करून येत जा की!" दिवसातून किती वेळा म्हणायचा, त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. शिंक यावी तसं ते यायचं.

अशा आमच्या कारखान्यात मुंबईहून एक ट्रेनर मॅडम आल्या. हेड ऑफिसनं पाठवल्या होत्या. कामाच्या जागी स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी कसं वागावं, यावर त्यांनी मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांचा सगळा भर एम्पथीवर. म्हणाल्या, "एम्पथी म्हणजे दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून बघणं."

मागून मशीनवाला एक ज्येष्ठ म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे त्याला चप्पलचोर म्हणतात."

मॅडम हसल्या. खरंच हसल्या, मला त्या आवडल्या. जाताना सुचवून गेल्या की महिला दिनाला कामगारांनीच या विषयावर एक विनोदी नाटक बसवावं आणि त्यात पुरुषांनी बायकांची कामं करावीत, म्हणजे त्यांना कळेल. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर नसलेला खांदा सावरला.

खरं तर पुरुषांनी बायकांची कामं करायला मॅडमची गरज नव्हती. बायका करूच शकल्या नसत्या. तालीम पाळी सुटल्यावर, आणि पाळी सुटताच बायकांची बस सुटते. ती चुकली तर सायवनच्या आतल्या पाड्यांपर्यंत दुसरं काही मिळत नाही. म्हणून बायकांवरचं नाटक आम्ही बाईशिवाय बसवलं, आणि हे कुणाला चमत्कारिक वाटलं नाही.

नाटक लिहिलं आणि बसवलं आमच्या अकाउंट्सच्या साहेबांनी. त्यांना पूर्वी कुठल्याशा स्पर्धेत दिग्दर्शनाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं आणि त्या उत्तेजनातून ते बाहेर आलेले नव्हते. पण लिहिलं झकास. काळं, कडू आणि हसवणारं. एक पॅकिंगवाली किल्ली मागायला टेबलापुढे येते. सुपरवायझर तिला कारण विचारतो, मग अर्ज मागतो, मग साक्षीदार मागतो. मग तिच्या नवऱ्याला फोन लावतो, नवरा म्हणतो घरून जाऊन आली होती. शेवटी किल्ली मिळते तेव्हा बाई म्हातारी झालेली असते आणि तिला आठवत नाही की किल्ली कशासाठी मागितली होती. बाईचं काम माझं. सुपरवायझरचं काम साहेबांनी खुद्द सुपरवायझरलाच दिलं. तो आधी बिथरला.

"माझी टर उडवताय का?"

"अरे, तू टर उडवून घेतलीस तर शेठच्या नजरेत किती मोठा होशील!" साहेब म्हणाले.

तो तयार झाला. आणि काय सांगू, नट निघाला! 'घरचा नळ' तालमीत पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आम्ही लोळलो. तो स्वतःही हसला. त्याला प्रथमच कळलं की आपण हे म्हणतो. त्यानंतर तो ते टेबलावरही जास्त ठसक्यात म्हणू लागला.

माझं काम मात्र बसेना. मी आयुष्यभर नाटकातल्या बायका केल्या होत्या. त्या डोळ्यांनी बोलतात, ओठ चावतात, हुंदका गिळतात. साहेब ओरडले, "तुम्ही लघवीला निघालाय की सती जायला?"

तेव्हा ती आली. दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन, हात धुऊन, डिस्पॅचच्या दाराशी उभी राहिली. सायवनच्या आतल्या एका पाड्यावरची बाई, चाळिशीच्या अलीकडची, पॅकिंगच्या लाइनला टेबलापासून सगळ्यात लांब उभी राहणारी. तिच्या घरच्या बोलीत मोठ्याला 'तुम्ही' म्हणायची रीत नाही. कारखान्याच्या मालकाला, शेठलाही, ती 'तू'च म्हणायची, आणि शेठला त्याचं काही वाटत नसे.

"भाऊ, तू माझं सोंग करतोस, असं ऐकलं."

"तुझं असं नाही. एका बाईचं."

"माझंच कर. मी दाखवते."

आणि तिनं दाखवलं. टेबलापुढे उभं राहायचं ते पाय जुळवून नाही, एका पायाचा अंगठा दुसऱ्यावर दाबून. हात पोटाजवळ न्यायचा नाही. तोंडावर काही आणायचं नाही. "तोंडावर आलं की तो अजून विचारतो," ती म्हणाली. "माती कशी असते, तसं तोंड."

मी तसा उभा राहिलो. ती बघत राहिली. म्हणाली, "पोट आत घे. आम्हाला एवढं खायला नाही."

मग बसली आणि ज्यासाठी आली होती ते सांगितलं. डहाणूच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं की मूत्रपिंडाला सूज आहे, दिवसभर पाणी प्यायचं आणि लागली की लगेच जायचं, अडवून धरायचं नाही. दोनदा औषधानं भागलं होतं, आता भागणार नाही. ती पाणी पिऊ लागली, आणि पिऊ लागली म्हणून टेबलापुढे वरचेवर जाऊ लागली, आणि वरचेवर गेली म्हणून 'नळ' हे तिचं नावच पडलं. आता एक तर कुलूप जायला हवं होतं, नाही तर तिनं. तिला काम सोडायचं नव्हतं. मुलगी आश्रमशाळेत दहावीला होती आणि पुढे नर्सिंग म्हणत होती.

"शेठ येईल ना बघायला?" तिनं विचारलं.

"पहिल्या खुर्चीत."

"त्याला कळेल?"

"न कळून सांगतो कुणाला?" मी म्हणालो. मी तेव्हा अंगात आलेला नट होतो आणि मला खरंच तसं वाटत होतं.

"तो कुलूप काढेल, असं कर," ती म्हणाली. "मला बाकी काही नको. हसवायचं तेवढं हसव."

त्यानंतर माझं काम बसलं. अंगठा अंगठ्यावर दाबला की बाकीचं आपोआप होई. रंगीत तालमीला पर्सोनेलच्या बाई येऊन बसल्या, खूप हसल्या आणि शेवट बदला म्हणाल्या. महिला दिनाला म्हातारी, विसरलेली बाई नको. सुपरवायझरचं मन पालटलं पाहिजे. साहेबांनी तासाभरात नवा शेवट लिहिला: मागे बासरी वाजते, सुपरवायझर खुर्चीतून उठतो, बाळ दोन्ही हातांत घेतो आणि बाईला देत म्हणतो, "ताई, आजपासून ही किल्ली तुमची." नाटकाचं नावही बदलून 'सन्मान' ठेवलं. नव्या शेवटाचं मी तिला सांगितलं.

"किल्ली देतो. म्हणजे कुलूप राहतं ना?"

"अगं, ते नाटकातलं."

"हां," ती म्हणाली.

आता प्रॉपर्टीच्या टेबलाविषयी सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. हौशी नाटकवाल्यांत एक रिवाज असतो. प्रयोगाच्या दिवशी नाटकातल्या सगळ्या वस्तू विंगेतल्या एका टेबलावर मांडायच्या, नटराजाची पूजा करायची, नारळ फोडायचा. एकदा नारळ फुटला की पडदा पडेपर्यंत त्या टेबलावरची वस्तू ज्याच्या त्याच्या प्रवेशाखेरीज कुणी हलवायची नाही. साहेब याबाबतीत सोवळे. त्यांच्या एका नाटकात ऐन वेळी कुणी तरी मृत्युपत्राचा कागद पुडीला घेऊन गेलं होतं, तेव्हापासून. आणि दुसरा त्यांचा आग्रह, वस्तू खरी पाहिजे. "खोटी वस्तू नटाच्या हातात कळते," ते म्हणायचे. म्हणजे बाळ खरंच. किल्लीसकट.

"आणि तोवर बायकांनी काय करायचं?" मी विचारलं होतं.

"अर्ध्या तासाचं तर नाटक आहे."

"मी आधीच सगळ्यांना सोडतो ना मामा," सुपरवायझर मला म्हणाला. "मीच तर किल्लीवाला."

महिला दिन उजाडला तो उकाडा घेऊनच. पॅकिंगच्या शेडमध्ये लाकडी पॅलेट जोडून स्टेज केलं होतं, मागे आमच्याच फुग्यांच्या माळा. अमोनियावर मोगऱ्याचा फवारा मारल्यानं दोन्ही वास बिघडले होते. सकाळी प्रत्येक बाईला कंपनीकडून भेट मिळाली: गुलाबी रंगाची, झाकणाला कडी असलेली पाण्याची बाटली. ट्रेनर मॅडम मुद्दाम आल्या होत्या. "सगळ्यांनी भरपूर पाणी प्यायचं, हो ना?" फोटोसाठी सगळ्या बायकांनी एकदम बाटल्या तोंडाला लावल्या. फोटो नीट आला नाही म्हणून परत लावल्या. कारखाना सुरू झाल्यापासून पॅकिंगची लाइन एवढं पाणी कधी प्यायली नसेल.

जेवण झालं आणि साहेबांनी नारळ फोडला. बाळ टेबलावर, पितळी घंटेच्या शेजारी, कपाळाला कुंकू लावून. सुपरवायझर तेव्हा मिशीला रंग लावून घेत होता. 'आधीच सगळ्यांना सोडतो' ते राहूनच गेलं.

शेठ वापीहून येणार होते. हायवेवर कंटेनर उलटला होता, ते अडकले. बायकांना पुढच्या रांगांत मानानं बसवलं होतं, मागे पुरुष उभे. फोन येत राहिले, शेठ निघाले, शेठ उंबरगावच्या फाट्यावर आहेत. बसवाल्याला थांबवून ठेवलं. मी विंगेत बायकोची साडी नेसून बसलो होतो. वांगी रंगाची, पोपटी काठांची, तिच्या भावानं दिलेली. फटीतून मला पुढची रांग दिसत होती. ती टोकाला बसली होती आणि तोंड मातीसारखं होतं.

मी साहेबांना म्हणालो, "किल्ली द्या तिला. लगेच परत आणून ठेवते."

"नारळ फुटलाय."

"साहेब, बाई आहे, लागली असेल."

"आणि तेवढ्यात शेठ आले तर? पहिल्या प्रवेशात टेबलावर बाळ नको?" ते घामाघूम झाले होते. "शेठ येतातच. बघा, आलेच."

शेठ आले. आले, बसले, मग त्यांना उठवून दीपप्रज्वलनाला नेलं. मग त्यांचं भाषण. बहीण, मुलगी, आई या सगळ्यांना शेठनी गुजरातीत आणि मराठीत वंदन केलं. मग ट्रेनर मॅडमचं भाषण. मग घंटा झाली.

नाटक रंगलं, हे मान खाली घालून लिहावं लागतंय. मी असं काम आयुष्यात केलं नव्हतं. पहिल्या 'नळा'ला शेडचे पत्रे हलले. अर्जाच्या प्रवेशाला शेठ रुमालानं डोळे पुसत हसत होते. पुढच्या रांगेतल्या बायकाही हसत होत्या, एकमेकींना कोपरानं ढोसत. आपलीच फजिती दुसऱ्यावर बसवलेली बघताना माणूस हसतो तसं. मला वाटलं, जमतंय. शेठना कळतंय. कुलूप जातंय.

बासरी सुरू झाली. सुपरवायझर खुर्चीतून उठला. बाळ उचललं. मी टेबलापुढे उभा, अंगठ्यावर अंगठा. आणि त्याच वेळी पॅलेटच्या पायरीवरून ती वर आली.

हळू आली. घाई करायची तिला सोय राहिलेली नव्हती. माझ्या बाजूला येऊन टेबलापुढे उभी राहिली, अगदी माझ्यासारखी, म्हणजे मी जिच्यासारखा उभा होतो तशी, आणि तिनं हात पुढे केला.

मागून कुणी तरी शिट्टी वाजवली. लोकांना वाटलं, नाटकात आहे. खरी बाई आणि खोटी बाई शेजारी शेजारी, काय कल्पना! विंगेतून साहेब हात फिरवत होते, चालू ठेवा, चालू ठेवा. सुपरवायझरनं तिच्याकडे पाहिलं. तो कुठे आहे हे त्या क्षणी विसरला असावा, किंवा फारच आठवत असावं. टेबलापुढे ती उभी राहिली की जे त्याच्या तोंडून सुटायचं ते सुटलं.

"परत?"

हशा असा आला की बासरी ऐकू येईना. मग त्याला संवाद आठवला. त्यानं बाळ दोन्ही हातांत धरलं आणि ठरल्याप्रमाणे माझ्यापुढे केलं. "ताई, आजपासून ही किल्ली तुमची."

टाळ्या. शेठ उभे राहिले. मी बाळ घेतलं आणि तसाच वळून तिच्या हातात द्यायला गेलो. तिनं घेतलं नाही. तिचा हात खाली गेला होता. ती पॅलेटच्या फळ्यांकडे बघत होती.

किल्लीची गरज संपली होती.

पुढच्या रांगेला आधी दिसलं. तिथलं हसू एकदम बंद झालं, मागचे टाळ्या वाजवतच होते. मग पॅकिंगमधली सगळ्यात म्हातारी बाई उठली, आपली गुलाबी बाटली घेऊन वर आली, झाकण काढलं आणि ती सगळी बाटली तिच्या पायांजवळ उलटी केली. मोठ्यांदा ओरडली, "अरे देवा, सांडलं गं! तुझं लुगडं भिजवलं मी!" असा अभिनय मी पुन्हा पाहिला नाही.

मी साडी सोडली. खोवलेल्या निऱ्या ओढल्या, गिरकी घेतली आणि ती साडी तिच्या कमरेभोवती गुंडाळली. स्टेजवर मी राहिलो परकर, ब्लाउज आणि टक्कल यांत, कारण गंगावन साडीच्या पिनेला अडकून आलं होतं. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा तो. माझ्या सगळ्या आयुष्यातला म्हटलं तरी चालेल. म्हातारीनं तिला दंडाला धरून खाली नेलं, शेडमधून बाहेर नेलं, आणि त्या हशातच पडदा पडला.

शेठ विंगेत आले ते साहेबांना मिठी मारायला. "बहु सरस! एकदम रियल लाग्युं! दोन बायका, एक असली, एक नकली. क्या बात है!" साहेबांनी काही क्षण विचार केला आणि ते म्हणाले, "हो शेठ, ते मुद्दामच ठेवलं होतं." ट्रेनर मॅडम मात्र आत आल्या नाहीत. त्या रिकाम्या पुढच्या रांगेपाशी उभ्या होत्या, पायाशी पडलेल्या बाटल्या उचलून खुर्च्यांवर ठेवत. त्यांना कळलं असावं. पण त्यांना मुंबईची गाडी होती.

संध्याकाळपर्यंत तिच्या एंट्रीची चित्रफीत कारखान्याच्या ग्रुपवर फिरली. तिथून गावातल्या ग्रुपवर गेली. पाड्यावर तिचं कौतुक झालं म्हणे. काय काम केलंस! मुलीनं आश्रमशाळेतून फोन करून विचारलं, आई, तू नाटकात होतीस आणि मला सांगितलं नाहीस? तिनं काय उत्तर दिलं असेल, ते मला माहीत नाही.

ती सोमवारी कामावर आली. मला वाटलं नव्हतं येईल. नाटकानंतर शेठनी किल्लीच्या बाबतीत बदल करायचं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं आणि तो बदल बघायला ती आली होती. बदल झाला होता. लाकडी साचा गेला होता. किल्लीला आता गुलाबी प्लास्टिकचं फूल होतं आणि ती सुपरवायझरच्या टेबलावर एका काचेच्या वाटीत ठेवली होती. वाटीशेजारी त्याला मिळालेला कप, संवेदनशील सहकारी म्हणून. त्यानं तिला पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "ताई, घे की, लाजू नकोस." मग थांबला आणि सवयीनं हसला.

तिनं घेतली नाही. पाळीभर उभी राहिली, बाटली उघडली नाही, बसनं घरी गेली. मंगळवारी आली नाही. नंतरही नाही.

साहेबांनी ते नाटक कारखान्यांच्या स्पर्धेत नेलं. शेवट तसाच ठेवला: दुसरी बाई वर येते, पाणी सांडतं, पहिली साडी सोडते. दुसऱ्या बाईचं काम फुग्यांवर छपाई करणाऱ्या एका पोरानं केलं. मला विचारलं होतं. मी म्हणालो, माझ्याकडे साडी नाही. ते खरं होतं. बक्षीस मिळालं म्हणे, शेवटासाठी.

घरी साडीचं विचारणं सुरूच होतं. "भावानं दिलेली होती," बायको म्हणायची. "कुणाला दिलीत?" मी सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलं, भाजी निवडत, आणि म्हणाली, "परत मागू नका." पण मधूनच कपाट उघडलं की पुटपुटायची, "पोपटी काठ परत मिळत नाहीत तसे."

यंदा उन्हाळ्यात मी आणि बायको तिच्या माहेरी निघालो होतो. तलासरीला हायवेच्या कडेला एसटीची वाट बघत उभे. ओळीनं ताडगोळेवाल्या बायका बसल्या होत्या, आणि त्यांतली एक हाक मारत होती, "ये भाऊ! नाटकवाल्या!"

ती वाळली होती. पाय सुजलेले, चपलेच्या पट्ट्यात न मावणारे. डॉक्टरीणबाई म्हणतात एक मूत्रपिंड गेलं, तिनं ताडगोळा सोलत सांगितलं, दुसरं सांभाळायचं. मुलीची दहावी झाली. नर्सिंगचं बघू. इथे विकलं तर विकलं, नाही तर परत न्यायचं. कारखान्याचं तिनं काही विचारलं नाही. मग माझ्या बायकोला न्याहाळून म्हणाली, "हिची होती का साडी?"

"हो," बायको म्हणाली.

"वापरात आहे," ती म्हणाली आणि हनुवटीनं मागे दाखवलं.

मागे, रस्त्यापासून जरा आत, करंजाच्या झाडाखाली चार बांबू रोवले होते आणि त्यांच्याभोवती ती साडी गुंडाळून बांधली होती. वांगी रंग उन्हानं पार उडाला होता. काठ मात्र पोपटी होते अजून. दुसरी एक ताडगोळेवाली तिथून पदर सावरत बाहेर आली.

"लांब जायला लागायचं झाडीत," ती म्हणाली. "सगळ्याच जातात आता. एसटीवाल्या बायकापण. एकच वाईट. ट्रक गेला की उडते. कुणी तरी धरायला लागतं."

बायको जरा वेळ त्या साडीकडे बघत राहिली. मग पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "मी जाऊन येते."

ती सुजल्या पायांनी उठली आणि साडीचं एक टोक धरून उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. गुजरातच्या बाजूनं कंटेनरांची रांग येत होती. पिशवी खाली ठेवून मी दुसरं टोक धरलं.